पोरगं मॅचला जाऊ दे, पण शुद्धीवर असलेल्या माणसाबरोबर

पत्र :

ताई, मी कोल्हापूरची. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, सासर शिवाजी पेठेत. वडील स्वतः तालमीकडून, म्हणजे पेठेच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले, त्यामुळं फुटबॉल मला नवा नाही. आमचे मिस्टर उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. एरवी माणूस सरळ. पण तालमीची मॅच असली की हाफ डे टाकतात, दुपारी बाराला पोरं जमतात आणि मॅचपर्यंत सगळे टाइट. रोज पीत नाहीत, ‘मॅचच्या दिवसापुरती’ म्हणतात. दहा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर जातो. गेल्या महिन्यात मॅच हरल्यावर गेटबाहेर दुसऱ्या समर्थकांशी भांडण झालं. हे तिकडं पळाले आणि पोरगं गॅलरीतच राहिलं. गल्लीतल्या एका काकांनी त्याला घरी आणून सोडलं. हे रात्री अकराला आले, जेवणाचं ताट भिरकावलं, मुलगा कॉटखाली जाऊन बसला. माझ्यावर आजवर हात उचललेला नाही. सासूबाई म्हणतात, ‘मॅच हाय म्हटल्यावर गडी पिणारच.’ मुलगा विचारतो, पप्पा मला सोडून का गेले? पुढची मॅच जवळ आलीय. जाऊ नको म्हटलं तर तो रडतो, जा म्हटलं तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. ह्यांचा फुटबॉल सुटावा असं मला वाटत नाही. काय करू?

उत्तर :

मुलाला पुढच्या मॅचला जाऊ द्या. पण त्याच्या वडिलांनी त्या दिवशी घोटभरही घेतली असेल, तर त्यांच्याबरोबर नाही. बाकीचं सगळं सावकाश बोलता येईल, समजून घेता येईल, चार दिवस सांभाळूनही घेता येईल. ही एक गोष्ट मात्र आजपासून ठरली असं धरून चाला, आणि तिच्यासाठी घरात कुणाची परवानगी मागू नका.

मुलगा गॅलरीत राहिला आणि घरी ताट भिरकावलं गेलं, हे दोन्ही तुम्ही एका दमात लिहिलंय. माझ्या लेखी पहिली गोष्ट फार मोठी आहे. शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचला काय गर्दी असते हे पेठेत वाढलेल्या बाईला मी सांगायला नको. पायऱ्यांवर खेटून बसलेली माणसं, मॅच सुटली की एकदम गेटकडे लोटणारा लोंढा. त्यात बाहेर दगड पडायला लागले किंवा पोलिसांनी काठ्या काढल्या की जो तो वाट फुटेल तिकडे धावतो. अशा वेळी चार फुटांचं पोर कुणाच्या नजरेला पडत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच होती. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, ते भांडण प्रेक्षकांत पोचलं, दंगल आणि चेंगराचेंगरी झाली आणि मॅच बघायला आलेले १६ जण परत घरी गेले नाहीत. तिथं मूळ कारण दारू नव्हतं. गर्दी उधळायला दारू लागतेच असं नाही, आणि म्हणूनच लहान मुलाबरोबर असलेल्या मोठ्या माणसाचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. गडबड सुरू झाली की काय करायचं हे त्यानं दोन क्षणांत ठरवायचं असतं. तुमच्या मिस्टरांनीही त्या दिवशी दोन क्षणांतच ठरवलं, पण ते भांडणाकडे धावले.

मुलाचा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवू नका. दहा वर्षांच्या मुलाला ‘गर्दीत चुकामूक झाली’ असं सांगून भागत नाही, त्यानं सगळं बघितलंय. त्याला जवळ बसवून सांगा की पप्पा दारू प्यायले होते, दारू प्यायल्यावर माणसाला भान राहत नाही, म्हणून ते तुला विसरले. हे त्यांचं चुकलं. तुझं काहीही चुकलं नाही. यात वडिलांची बदनामी होत नाही. उलट असं सांगितलं नाही तर मुलं कारण स्वतःत शोधतात : मी हळू चाललो, मी हात सोडला, मी जागा सोडून उठलो. जमलं तर हेच वाक्य वडिलांच्या तोंडून यावं. शुद्धीवर असताना त्यांनी मुलाची माफी मागितली तर त्यांची पत कमी होणार नाही. ते तयार नसतील तर अडून बसू नका, तुम्ही सांगा.

आता त्यांच्या ‘मॅचच्या दिवसापुरती’कडे येऊ. माणूस रोज पीत नाही, पगार घरी आणतो, हे खरं आहे आणि ते मी हलकं समजत नाही. पण आपल्याकडचा हंगाम बघा. थंडीत लीग सुरू होते, ती संपली की एकामागून एक चषक स्पर्धा, उन्हाळा संपत येईपर्यंत. त्यात आपल्या तालमीची मॅच, शिवाय ‘त्यांची’ हरते का बघायला गेलेली मॅच. वर्ल्ड कप आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या नावानं रात्री जागतात त्या वेगळ्याच. मॅचच्या दिवसापुरती म्हणता म्हणता किती दिवस होतात ते कॅलेंडरवर खुणा करून बघा, भांडायला नव्हे, तुम्हाला स्वतःला कळावं म्हणून.

शिवाय एका दिवसाची म्हणून ती कमी नसते. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की किंवा रम असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि शरीर तासाला जेमतेम सात-आठ ग्रॅम संपवतं. म्हणजे दुपारी बारा-एकला घेतलेली एक क्वार्टर पूर्ण उतरायला रात्रीचे आठ वाजतात. लिंबू, ताक, डोक्यावर गार पाणी यांनी माणूस ताजा दिसेल, पण उतरण्याचा वेग वाढत नाही. एप्रिलच्या उन्हात, उपाशीपोटी घेतली तर चढते लवकर. चारच्या मॅचला बसलेला, सहाला गाडीला किक मारणारा माणूस ‘आता काय नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या रक्तात ती असतेच. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी थोडी आहे. पहिल्या वेळी सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला दंडाची काळजी नाही. त्या गाडीवर मागं कोण बसलेलं असतं याची आहे.

‘हरलो म्हणून डोकं फिरलं’ हे कारण तुम्ही ऐकलं असेल, कदाचित मनातून थोडं मान्यही केलं असेल. इंग्लंडमध्ये हे मोजून झालंय. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० च्या वर्ल्ड कपच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. पण जिंकलं किंवा बरोबरी झाली त्या दिवशीही त्या २६ टक्क्यांनी वाढलेल्याच होत्या. पुढं मँचेस्टरच्या दोन मोठ्या क्लबांच्या मॅचेसवर लंडनच्या अर्थशास्त्रज्ञांनी असाच अभ्यास केला. मॅच चालू असते त्या दोन तासांत घरातल्या मारहाणीच्या घटना कमी होतात, मग हळूहळू चढत जातात आणि दहा-बारा तासांनी सगळ्यात वर पोचतात. ही वाढ प्यायलेल्या माणसांची होती. आणि मॅच दिवसा लवकर संपून पुढं प्यायला अख्खा दिवस मोकळा मिळाला की ती ठळक दिसायची. माणूस मॅच बघत असतो तेव्हा घर सुरक्षित असतं. धोका मॅचनंतरच्या बाटलीपासून असतो. तुमचा अनुभव याहून वेगळा नाही : मॅच संध्याकाळी संपली, ताट रात्री अकराला भिरकावलं गेलं. मधल्या पाच तासांत फुटबॉल नव्हता.

म्हणून तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं. त्यांचा फुटबॉल सुटू नये असं तुम्हाला वाटतं. बोलायला सुरुवात तिथूनच करा. मात्र कधी बोलता याला फार महत्त्व आहे. मॅचच्या दिवशी नाही, आदल्या रात्रीही नाही, आणि प्यायलेले असताना तर एक शब्दही नाही. मधल्या एखाद्या साध्या दिवशी, कामावरून येऊन, जेवण होऊन माणूस निवांत टेकलेला असताना बोला. सासूबाई आणि मुलगा समोर नकोत. असं काहीतरी म्हणा : “अहो, तुमची मॅच मला बंद करायची नाही. मी पण त्यातच वाढले. पण त्या दिवशी पोरगं एकटं राहिलं, आणि ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. इथून पुढं त्याला नेणार असाल तर त्या दिवशी थेंबही घ्यायची नाही. घेतली असली तर तो माझ्याबरोबर येईल. आणि घेऊन त्याला गाडीवर बसवायचं नाही, घरापर्यंतसुद्धा.” एवढंच. मागच्या पाच वर्षांचा हिशोब काढू नका. तुमचे मित्र असले, तुमची तालीम तसली, असं चुकूनही म्हणू नका. मंगळवार पेठेची लेक शिवाजी पेठेच्या तालमीला नावं ठेवते म्हटल्यावर मुद्दा तिथंच बुडेल आणि दोन पेठांचं भांडण स्वयंपाकघरात येईल.

ते हो म्हणतील, नाही म्हणतील, चिडून उठून जातील. उत्तर काहीही आलं तरी अट तुम्ही पाळायची आहे. त्यांनी ती मान्य करावी लागते असं नाही, कारण मुलाला कुणाबरोबर पाठवायचं हे आईलाही ठरवता येतं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यभर जे बघितलं ते त्या बोलतात. त्यांच्याकडे फक्त एक गोष्ट मागा. तो पिऊन आला तर त्याच्या बाजूनं बोलायचं नाही आणि नातवाला आत घेऊन जायचं. नातवासाठी त्या एवढं करतील असं मला वाटतं.

आता तालमीबद्दल. माझा खरा भरवसा तिथं आहे, आणि माझा रागही तिथंच आहे. तुमचे मिस्टर मॅचच्या दिवशी एकटे बसून पीत नाहीत. बाराला दहा-पंधरा जण जमतात, कुणी आणतो, कुणी ओततो, आणि नको म्हणणाऱ्याला चार जण हसतात. आदल्या रात्रीपासून व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एकमेकांना डिवचणं चाललेलं असतंच. एकट्या माणसाला निश्चय करून हे मोडता येईल, पण फार जड जाईल. मोडायचं तर ती दुपारच बदलायला हवी.

स्टेडियमवर बंदी घालून हे थांबत नाही. इंग्लंडमध्ये १९८५ पासून कायदा आहे : मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायची नाही, मॅचसाठी ठरवलेल्या बसगाड्यांत न्यायची नाही, प्यायलेल्या अवस्थेत स्टेडियमात शिरायचं नाही. कायदा चांगला आहे. पण माणसं आधीच पिऊन येऊ लागली. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर इंग्लंड आणि इटलीची युरो स्पर्धेची फायनल होती, रविवारी रात्री आठला. लोक सकाळपासून स्टेडियमभोवती पीत होते. संध्याकाळपर्यंत त्यांना आवरणं हाताबाहेर गेलं, सुमारे दोन हजार जण तिकिटाशिवाय आत घुसले, अपंगांसाठी ठेवलेलं प्रवेशद्वारसुद्धा त्यांनी सोडलं नाही. नंतरच्या चौकशीत निघालं की त्या दिवशी माणसं मेली नाहीत ती थोडक्यात वाचली. आपल्याकडेही स्टेडियमात दारू विकत नाहीत. ती बाराला, गल्लीत, आधीच झालेली असते. गेटवर पोलीस खिसे तपासतात, पण पोटातली बाटली तिथं सापडत नाही.

याच्या उलटंही घडलेलं आहे. १९८० च्या दशकात इंग्लंडच्या समर्थकांची युरोपभर दहशत होती, त्याच काळात डेन्मार्कचे समर्थक १९८४ च्या युरोला फ्रान्समध्ये गेले. ते बिअर पीत होते, अंगावर लाल-पांढरे रंग होते, आरडाओरडाही होता. पण बायका-पोरं बरोबर होती, आणि कुणी आडदांडपणा करायला लागला की त्यांच्यातलीच माणसं त्याला बाजूला घेत. पोलिसांची वाट बघत नसत. हे ज्यांना जमलं ती काही देवमाणसं नव्हती. आपल्यात हे चालत नाही, असं त्यांनी आपसात ठरवलेलं होतं.

आपल्या तालमींना हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, कुठलंही नाव घ्या. यांतल्या बऱ्याच तालमी फुटबॉलच्या आधी कुस्तीच्या आखाड्याच्या आहेत. तिथं वस्तादानं नुसतं बघितलं तरी पोरं गप्प बसायची. कोल्हापुरात आजही थोरल्या खेळाडूचा शब्द खाली पडत नाही. मग मैदानावरच्या अकरा जणांना शिस्त लावणाऱ्या तालमीनं गॅलरीतल्या पाचशे जणांना मोकळं का सोडलंय? मला याचा मनापासून राग येतो. दगड मारणारं पोर पकडलं जातं, गुन्हा दाखल होतो, आणि दोन वर्षांनी पोलीस भरतीला चारित्र्य पडताळणीत ते नाव अडकतं. तेव्हा फलकावर फोटो असलेला एकही पदाधिकारी त्याच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात बसायला येत नाही.

तुम्ही एक करू शकता. ज्या काकांनी मुलाला घरी आणलं, त्यांच्याकडे जा. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, ते तालमीत बसतात-उठतात. त्यांनी तालमीतल्या अशा जुन्या खेळाडूच्या कानावर हे घालावं, ज्याला तुमचे मिस्टर मानतात. तक्रार म्हणून नको, पोरगं गॅलरीत एकटं राहिलं होतं एवढंच सांगितलं तरी पुरेल. मॅचच्या दिवशी बाराला तालमीतच सगळ्यांचं जेवण ठेवा, तिथून एकत्र निघा, बायकापोरांसाठी गॅलरीत एक बाजू धरून ठेवा आणि प्यालेल्याला त्या दिवशी तालमीचा झेंडा हातात देऊ नका, असं त्यानं एकदा म्हटलं तर त्याचं वजन तुमच्या शंभर विनवण्यांपेक्षा जास्त असेल. तुमच्या वडिलांना मात्र यात मध्ये घालू नका. ते कितीही मानाचे खेळाडू असले तरी जावयाला सासऱ्यानं, त्यातही समोरच्या पेठेच्या सासऱ्यानं, दारूवरून बोललेलं पचणार नाही.

रात्रीचंही बोलायला हवं. ते पिऊन आले तर मॅचचा विषय काढू नका, कुठं होता विचारू नका, ताट झाकून ठेवा आणि मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपा. फोन चार्ज असू दे. शेजारच्या एका घरात आधीच सांगून ठेवा की आवाज आला तर दार वाजवा. आजवर हात उचलला नाही हे तुम्ही लिहिलंत, पण भिरकावलेलं ताट हे त्याच वाटेवरचं पाऊल आहे, आणि कॉटखाली बसलेल्या मुलाला ते तुमच्याआधी कळलंय. हात उचललाच तर ‘मॅच हरले होते’ म्हणून पदरात घेऊ नका. पोलिसांचा ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर दिवसरात्र चालतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नवऱ्याचं घर न सोडताही संरक्षण मागता येतं.

मॅच नसतानाही बाटली निघू लागली, दुसऱ्या दिवशीच्या खाड्यांची संख्या वाढली, उसने पैसे घेतल्याचं बाहेरून कळायला लागलं, तर तो प्रश्न फुटबॉलचा राहिलेला नाही असं समजा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या सभांना पैसे लागत नाहीत. आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात, तिथं तुम्ही एकट्याही जाऊ शकता. ते यायला तयार होईपर्यंत तुम्ही थांबायची गरज नाही.

राहिली पुढची मॅच. ते न घेता आले तर मुलगा त्यांच्याबरोबर जाईल. तोंडाचा वास घेणं, खिसे बघणं असलं काही मुलासमोर करू नका. तुम्हाला नुसतं बघून कळतं, तेवढं पुरे. घेतली असेल तर वाद न घालता तुम्ही स्वतः मुलाला घेऊन निघा. हो, तुम्ही. वडिलांचं बोट धरून फुटबॉल शिकलेल्या बाईनं दहा-पंधरा वर्षं घरात बसून नुसता स्टेडियमचा आवाज ऐकावा, हे मला पटत नाही. दोन्ही तालमींचे समर्थक बसतात त्या बाजू सोडून बसा. मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठं येऊन थांबायचं ती जागा आत शिरतानाच त्याला दाखवा. मॅच संपायच्या पाच मिनिटं आधी निघा. पोरगं रंगात आलं असेल आणि निघवत नसेल, तर शिट्टीनंतर लोंढा ओसरेपर्यंत जागेवरच बसून राहा. मिस्टर समोरच्या गॅलरीत दिसतील. मुलानं त्यांना हात केला तर करू द्या, पण त्यांच्याकडे जाऊ देऊ नका.